ऐंशी साखळ्या पाणी

डोंगरातला माणूस गरीब का असतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहे. या प्रश्नावर बोलणारी माणसे मला पुष्कळ भेटली. पण त्याचे उत्तर जमिनीवर ओणवे होऊन, साखळी टाकून मोजणारा माणूस साऱ्या पश्चिम खानदेशात एकच होता, असे मी खात्रीने सांगतो. पिंपळनेरला मी शिक्षक आहे, आणि ते माझ्या समोरच्या घरात राहत. मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. सारे गाव त्यांना आबा म्हणे.

आबांजवळ तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची एक जुनी लोखंडी साखळी होती. लोक खुंटीला पगडी अडकवतात. आबा साखळी अडकवीत. ‘जवळ’ या शब्दावर त्यांचा विलक्षण राग होता. “विहीर जवळच आहे,” असे कोणी म्हणाले, की आबा थांबत, चष्मा वर ढकलीत आणि विचारीत, “जवळ म्हणजे किती साखळ्या?” देवळातल्या प्रदक्षिणा ते साखळ्यांत मोजीत, आणि पुजाऱ्याने ओट्याला नवा दगड बसवला तेव्हा, “आता अकरा प्रदक्षिणांना पूर्वीच्या बारांचे पुण्य,” असे त्यांनी गंभीरपणे जाहीर केले. मुलीचे लग्न ठरत असताना मध्यस्थ म्हणाला, “साक्रीच्या अलीकडेच गाव आहे, जवळ.” झाले. आबा दोन दिवस रस्त्याने साखळी टाकीत वराच्या गावी गेले. सरकार जमीन घ्यायला आले, या समजुतीने सारे गाव घाबरून वेशीवर हात जोडून उभे. होणारे व्याही तर सातबाराचे कागद घेऊनच धावले. अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, ही हकीकत सांगून शेवटी म्हणत, “माझ्या माहेराला यांनी साखळी लावली नाही, म्हणून माझं लग्न वेळेवर झालं!”

साखळीला दोन टोके असतात आणि आबा एकच, त्यामुळे दुसरे टोक धरण्याचे काम रविवारी माझ्याकडे येई. त्या टोकाने मला काय शिकवले ते आता सांगतो.

महायुद्ध सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. डोंगरपट्टीतले दारिद्र्य दूर करण्यासाठी जिल्ह्यात एक समिती नेमली गेली होती. तिचे अध्यक्ष धुळ्याहून मोटारीने आले आणि आमच्या शाळेच्या पटांगणात सभा झाली. दारिद्र्याची कारणे त्यांनी बोटांवर मोजून सांगितली. हे लोक अस्वच्छ राहतात. दिवसाढवळ्या काम सोडून देतात. मुलींना शाळेत धाडत नाहीत. सारांश, आळस! मग उपाय म्हणून प्रत्येक घराला एक साबणाची वडी वाटण्यात आली. मी टाळ्या वाजवल्या, हे लपवीत नाही. माझ्या हजेरीपटावर डोंगरातल्या मुलींच्या नावापुढे ‘गैरहजर’ आणि कारणाच्या रकान्यात ‘आळस’ असे मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहीत होतो.

तेवढ्यात वरच्या वस्तीतली बुधीबाई उठली. वय पन्नाशीचे, पण मान ताठ. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बायकांची असते तशी. वडी हातात धरून ती बाजारात बोलतात त्या अहिराणीत म्हणाली, “साहेब, साबन दिधा, चांगलं करं. आते पानी कोन दी?”

सभा हसली. वस्तीला एक विहीर हवी, एवढीच तिची मागणी होती. अध्यक्षांनी नकाशा उलगडला. पाणी एका मैलाच्या आत असेल तर विहीर मिळणार नाही असा समितीचा नियम होता, आणि नकाशावर वस्तीपासून ओहोळ होता ऐंशी साखळ्या, म्हणजे बरोबर अर्धा मैल. “बाई, पाणी जवळच आहे तुझ्या,” अध्यक्ष हसून म्हणाले.

‘जवळ’ हा शब्द कानी पडताच आबा मागच्या रांगेतून उसळले. “कोणत्या गाढवाने मोजलंय हे? दाखवा त्याची सही!”

अध्यक्षांनी शांतपणे नकाशाचा कोपरा पुढे केला. सही आबांची होती. तरुणपणची, लफ्फेदार.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. “ऐंशी बरोबर आहे हो,” ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते, “साखळीला कडीचाही फरक नाही.” रविवारी आम्ही वस्तीवर गेलो. बुधीबाईने वस्तीच्या कडेला उभे राहून खाली बोट दाखवले. ओहोळ दिसत होता, अगदी समोर. पण मध्ये दरी होती. आबा बराच वेळ पाहत राहिले आणि मग शाळेत फळ्यापुढे उभे राहावे तसे त्यांनी मला समजावले. मोजणीचा नियम असा की उतारावर साखळी जमिनीवर टाकायची नाही. ती आडवी, समपातळीत धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा आणि पायरीपायरीने खाली जायचे. म्हणजे डोंगर कितीही उभा असो, कागदावर तो सपाट होतो. “शेताच्या क्षेत्राला हे बरोबर आहे, गुरुजी,” ते म्हणाले. “पायांना नाही.”

बुधीबाई ऐकत होती. ती म्हणाली, “आबा, तुमना कागद सपाट शे. आमना डोंगर सपाट नही.”

आबांनी नोकरीतला नियम मोडून साखळी पायवाटेवर, मातीवर टाकली. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खडकाला वळसा घालीत आम्ही उतरलो. दोनशे अकरा साखळ्या! सव्वा मैलाहून अधिक. मला वाटले, झाले काम. पण आबांनी चुंबळ मागितली. “रिकामा उतरलो, ते अर्धंच माप झालं.” भरलेली घागर डोक्यावर घेऊन हा साठी उलटलेला मोजणीदार दरी चढू लागला. वाटेवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, एक म्हणाली, “आबा, मान मोडी जाई, मंग ती कितल्या साखळ्या व्हई?” आबा तीनदा बसले, एकदा घसरले. वर पोचले तेव्हा घागर अर्धी होती. बुधीबाईने आत डोकावून पाहिले आणि निर्विकारपणे म्हणाली, “अर्धी शे. आते परत जा.”

आणि आबा खरोखरच परत गेले.

आता वाचकांनी माझ्याबरोबर एक साधे गणित करावे. घराला रोज पाण्याच्या चार खेपा लागतात. जाणे-येणे धरून आठ वेळा ही वाट. दोनशे अकरा गुणिले आठ म्हणजे सोळाशे अठ्ठ्याऐंशी साखळ्या, म्हणजे साडेदहा मैलांहून अधिक. त्यातला निम्मा चढ, घागरीसह. आई दोन खेपा करते, मुलगी दोन. ती मुलगी माझ्या पटावर आळशी होती! ज्यांच्या अंगणात रहाट आहे, त्या आम्ही लोकांनी या माणसांना स्वच्छता शिकवावी, उद्योग शिकवावा आणि वर साबण देऊन उपकार करावेत, याची मला आजही चीड येते. सर्वांत अधिक चीड माझ्या त्या सुवाच्य अक्षराची येते.

आबांनी समितीला लिहिले: “नकाशा नियमाप्रमाणे आहे. नियम चुकीचा वापरला आहे. मोजणारा मीच.” उत्तर आले, की निवृत्त माणसाची मोजणी ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे नोकरीत असतानाचे आबा खरे आणि डोळे उघडलेले आबा खोटे! ते दर महिन्याला लिहीत राहिले. एकदा धुळ्याला जाऊन त्यांनी भरलेली घागर अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि “फक्त जिना चढून दाखवा,” म्हणाले. शिपायाने त्यांना हाताला धरून बाहेर काढले. घागर मात्र आबांनी परत आणली. ती बुधीबाईची होती.

गेल्या फाल्गुनात आबा गेले. शेवटच्या दिवसांत अक्का म्हणाल्या, “वैद्य जवळच राहतात, बोलावू का?” आबांनी डोळे मिटूनच विचारले, “किती साखळ्या?” आता ती साखळी माझ्या खुंटीवर आहे. हजेरीपटावरचा ‘आळस’ मी खोडला आणि त्या रकान्यात लिहिले, ‘पाणी, २११ साखळ्या’. तपासनीसांनी शेरा मारला, की हे कारण मान्य यादीत नाही.

विहीर अजून झालेली नाही. अर्ज पडून आहे, आणि नकाशावर ऐंशी तसेच आहेत. मी शिक्षक आहे. माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. आपण स्वतः यावे आणि मोजून पाहावे. साखळी मी देईन, दुसरे टोकही धरीन. घागर बुधीबाई देईल. विनंती एवढीच, की चढताना ती भरलेली असावी.