पाचही स्वरांचे शब्द

सोलापूरच्या कचेरीबाहेर अर्ज टाइप करणारे एक काका मला हमखास अडवायचे. "‘रेप्युटेशन’मदी इंग्रजीचे पाचीबी स्वर हायत बगा. अर्थ, अब्रू!" असे लांबलचक शब्द ते वहीत जमवत आणि लोकांच्या अर्जांत हौसेनं घुसडत.

एकदा कापडगिरणीतली एक बाई कुबडी टेकत आली. पाय मोडल्यानं तिला बसून करायचं काम हवं होतं. काकांनी सगळं ऐकून दोनच साध्या ओळी टाइप केल्या.

"आज मोठा शब्द नाही?" मी विचारलं.

"सायेब अर्थ हुडकत बसंल, तवर हिची नोकरी जाईल की."

आठवड्यानं ती सांगायला आली, "सुताच्या कांड्या भरायला बसवलं, काका."

काकांनी तिला स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि पुढचा अर्ज उभ्यानंच टाइप केला.