लखमाचं घर कोणी बांधलं?

कचेरीत कागदांना वाळवी लागते, किश्श्यांना लागत नाही. रिटायर होताना मी सगळं दप्तर सोपवलं. पण जव्हारच्या मामलेदार कचेरीतले हे किस्से काही चार्ज घेणाऱ्यानं घेतले नाहीत. त्यातले बरेचसे अण्णा वकिलांचे. अण्णा कुळांच्या केसेस फुकट चालवायचे. त्यामुळे गावात त्यांना मान होता आणि घरात नव्हता!

*

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. सूर्यमाळजवळच्या पाड्यावरचा लखमा कचेरीच्या पायरीवर बसून होता. शेटची जमीन कसायचा, शेटच्याच जमिनीवर झोपडी बांधून राहायचा. शेटला आता तिथे लाकडाची वखार हवी होती. झोपडी काढ म्हणून तगादा चालला होता.

अण्णांनी समजावलं, "लखमा, आता राजा नाही. कायदा आहे."

"मंग त्याची गाठ कवा पडल, वकीलबाबा?"

"बाबा रे, इतकी वर्षं कोर्टात जातोय, मलाही अजून पडलेली नाही!"

*

कायदा तसा सोपा होता. घर कुळानं स्वतः बांधलेलं असेल, तर त्या जागेवरून त्याला हलवता येत नाही. म्हणून मामलेदारसाहेबांपुढे शेटचे वकील म्हणाले, "कारवी शेटच्या रानातली, बांबू शेटचे, माती शेटची, छपराचं गवतही शेटचं! मग घर कोणाचं?"

अण्णा सावकाश उठले. "आणि पावसाळ्यात आत गळतं ते पाणी? तेवढं तरी शेटनी घेऊन जावं!"

*

साक्षीला पाड्यावरचा म्हातारा काशा आला.

"घर कोणी बांधलं?" अण्णांनी विचारलं.

"आमी समद्यांनी."

पाड्यावर घर असंच उभं राहतं. एकाचं घर, सगळ्यांचे हात. शेटचे वकील खूश झाले. "म्हणजे लखमानं बांधलंच नाही! तो काय करत होता?"

"तो आमच्यासाठी दारू आणाय गेलता."

ऐन दारूबंदीत! मामलेदारसाहेबांनी मला लेखणी खाली ठेवायची खूण केली आणि घाईनं विचारलं, "हे नवं घर का बांधलं? याआधीचं का मोडलं?"

"त्यात त्याचा भाऊस मेला ना, सायेब. जवान होता. तशा घरात आमी नाय ऱ्हात. खांब उपटून दुसरीकडं जातो."

"कायद्यात असं काही नाही," शेटचे वकील म्हणाले.

"मरणात हाय," काशा म्हणाला.

*

मग साहेब जागा पाहायला निघाले. भर उन्हाळा. लखमाच्या बायकोनं, सोनीनं, लांबच्या झऱ्यावरून आणलेलं पाणी सगळ्यांना दिलं. शेटच्या वकिलांनी दोन तांबे रिचवले आणि ते तोंड पुसत म्हणाले, "इथं राहण्यासारखं आहे तरी काय?"

सोनी रिकामी कळशी उपडी करत म्हणाली, "मंग तुमचा शेट कशाला मांगतो?"

साहेब हसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

*

साहेबांनी निकाल दिला: पाड्यानं ज्याच्यासाठी हात लावला, घर त्यानंच बांधलं. ते त्या जागी उभं आहे तोवर लखमाला कोणी हलवू शकत नाही!

टपालानं ऑर्डर पाड्यावर कधी पोचणार? अण्णा स्वतःच ती घेऊन सूर्यमाळचा चढ चढले. सोबत मी. वाटभर अण्णा खुशीत. "सोनीच्या हातचं पाणी पिऊ," म्हणाले, "या खेपेला हक्कानं!"

पाड्यावर पोचलो तर भिंतींचे कारवीचे कूड जमिनीवर आडवे पडलेले. छपराचं गवत एका बाजूला रचलेलं. लखमा, काशा आणि इतर माणसं एक एक खांब उपटून ओढ्यापलीकडे नेत होती. मधे उघड्यावर चूल.

"अरे, हे काय? केस जिंकलास तू!" अण्णा ओरडले. "सोनी कुठाय?"

"परवा गेली, वकीलबाबा. तापात. ह्याच घरात."

लखमानं खांद्यावरचा खांब खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि अण्णांच्या हातातली ऑर्डर दोन्ही हातांनी घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. मग ओढ्यापलीकडे बोट केलं.

"तिकडं बांधतोय आता. ती बी जमीन शेटचीच. ह्यो कागूद तिकडं चालल का?"