सायमाकडचं अर्धं गणित

सायमाच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी माझी बाजू संपवून तिच्या बाजूची वाट बघत बसले होते. दुपारचे तीन वाजले असतील. समोर वही उघडी, डावं पान तिच्या आकड्यांच्या जागा सोडून भरलेलं, उजवं कोरं. ताप अंगावर काढत सायमा आठवडाभरापूर्वी धुळ्याला घरी गेली होती आणि जाताना सांगून गेली होती, की उजव्या पानाचे आकडे फोटो काढून पाठवते. फोनवर तिची बहीण म्हणाली, "भारतीदीदी, बाजी गुजर गई." सायमाला ती बाजी म्हणायची. डेंग्यू होता. मी "बरं" म्हणाले. खरंच, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा त्या पानाकडे बघत बसले... माणूस गेल्याचं कळल्यावर रडतात, धावपळ करतात. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार, आता हे कोण भरणार? त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

आम्ही दोघी विद्यापीठात एम.कॉम.ला. मी यावलची, केळीवाल्यांच्या घरातली. ती धुळ्याची, वडील यंत्रमागावर. पिंप्राळ्यात घरमालकीण अक्कांच्या घरामागची एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती. अक्काही मूळच्या धुळ्याकडच्याच, त्यामुळे सायमाचे लाड जास्त आणि बोलणी मला. सगळ्या विषयांत आमचं बरं चाललं होतं, फक्त एका पेपराने दोघींचा घाम काढला होता, प्रगत वित्तीय अहवालाचा. त्यात ग्रुप अकाउंट्स. एक कंपनी दुसरीचे बरेचसे शेअर्स विकत घेते आणि मग दोघींचे हिशेब एकच घर असल्यासारखे मांडून दाखवायचे. विकत घेतलेल्या कंपनीचा नफा आधी खरेदीच्या तारखेवर कापायचा, त्या दिवसापर्यंतचा वेगळा, नंतरचा वेगळा. बाहेरच्या भागधारकांचं काय ते बाजूला काढायचं. हे झालं की मग दोन्ही ताळेबंद एकत्र करायचे, आपसातली देणीघेणी खोडायची. पहिलं काम चिकाटीचं, दुसरं धडाडीचं. माझ्या अंगात चिकाटी औषधालाही नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात आम्ही वाटणी केली. उजवं पान सायमाचं, डावं माझं. ती तोंडात लवंग धरून, पुटपुटत आकडे कापायची. "तारीख पहले, भारती. तारीख पकडली की बाकीचं आपोआप येतं." ती असं अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायची. मी तिचे तयार आकडे उचलून झरझर ताळेबंद जुळवायची. दोन्ही बाजू सारख्या आल्या की आम्ही टाळ्या द्यायचो. वर्गात सगळ्यांत आधी आमचं उदाहरण सुटायचं आणि त्याचा आम्हाला माज होता.

हा पेपर शिकवणाऱ्या सरांनी हे ओळखलं होतं. एकदा त्यांनी मला एकटीला फळ्यापाशी उभं केलं आणि खरेदीच्या तारखेचा नफा विचारला. मी मागे वळून सायमाकडे पाहिलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तुम्ही दोघी मिळून एक विद्यार्थी आहात. विद्यापीठ हॉल तिकीट दोन देणार आहे, लक्षात ठेवा." आम्ही लक्षात ठेवलं नाही. परीक्षा झाली, बाकीचे पेपर निघाले आणि या एका पेपरात आम्ही दोघीही नापास झालो. माझ्या उत्तरात तिचा भाग चुकला होता आणि तिच्या उत्तरात माझा. इतक्या नीटनेटक्या नापास होणाऱ्या मुली आमच्या आधी विद्यापीठाने पाहिल्या नसतील. आम्ही निकाल बघून पोट धरून हसलो. मग सायमा हसू आवरून म्हणाली, "आता पानं बदलायची. तू माझं शिक, मी तुझं शिकते." मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून म्हणाले. मग सणानंतर म्हणाले... ती तिच्या बाजूने माझं काम शिकायला लागली होती, हे मला ती गेल्यावर तिच्या वह्या पाहिल्या तेव्हा कळलं. मी तिचं काहीच शिकले नव्हते. तिचा भाग मला कंटाळवाणा वाटायचा आणि ती होतीच की बसलेली समोर!

ती गेल्यावर परीक्षेला सात आठवडे उरले होते. पारोळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मला तासिका तत्त्वावर घेणार होते, पण या खेपेला पेपर निघाला तरच. मी खाटेवर वही घेऊन बसायची आणि उजव्या पानाशी येऊन थांबायची. पुस्तकातल्या पायऱ्या पाठ होत्या, सरांनी पुन्हा समजावलं होतं, तरी माझा आकडा दर वेळी चुकायचा. एका दुपारी चिडून मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नुसतं वाचताना कधी तिच्या सुरात बोलायला लागले ते कळलं नाही. "तारीख पहले..." मीच म्हणत होते आणि मीच विचारत होते, मग पुढे काय? पुढे काय ते तोंडातून येत होतं. आकडा बरोबर आला. मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगावर काटा आला, कारण पुस्तकात ती रीत नव्हती आणि मला ती कोणी शिकवली नव्हती.

दार वाजलं. अक्का चहा घेऊन आल्या होत्या. उंबऱ्यातूनच त्यांनी आत नजर टाकली.

"खोलीमा कोन येल शे वं? दोन जनीसना आवाज ई राह्यना."

"कोणी नाही अक्का, दोघी कुठल्या, मीच मोठ्याने वाचतेय."

अक्कांच्या हातात दोन कप होते. त्यांनी एक मला दिला, दुसऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तो सायमाच्या खाटेशेजारी खाली ठेवला. मी उचलायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तठेच." चहावर साय धरेपर्यंत मी तिकडे पाठ करून बसले. त्यानंतर मी मोठ्याने वाचणं बंद केलं. आणि मोठ्याने वाचणं बंद केलं तसे आकडे पुन्हा चुकायला लागले.

परीक्षेच्या सकाळी ग्रुप अकाउंट्सचं उदाहरण होतंच, भलं मोठं. मी सवयीने डावं पान भरलं, तिच्या आकड्यांसाठी जागा सोडत सोडत. मग उजव्या पानाशी येऊन थांबले. पंखा फिरत होता, पुढच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागत होती, एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते पर्यवेक्षकांचं, "शेवटची दहा मिनिटं." माझ्या पुढ्यात उजवं पान भरलेलं, त्याला जोडलेली पुरवणीही भरलेली आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू अगदी रुपयापर्यंत सारख्या. हात दुखत होता. जीभ लवंग चघळल्यासारखी बधिर झाली होती. मी लवंग खात नाही. घाबरल्यावर माणसाचं काहीही होतं, असं मी स्वतःला समजावलं आणि दोरा बांधून उत्तरपत्रिका दिली.

पेपर निघाला, चांगल्या मार्कांनी निघाला. पारोळ्याची नोकरीही लागली, राहायलाही मी तिकडेच गेले. तरी मला चैन पडेना, म्हणून अर्ज करून मी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ती हातात आल्यावर एकटीने उघडायचा धीर झाला नाही. पाकीट घेऊन मी धुळ्याला सायमाच्या घरी गेले. माझ्याइतकाच तिच्या घरच्यांचाही तो पेपर होता, असं मला वाटत होतं. आजूबाजूच्या मागांचा खटखटाट चालू होता आणि त्यात सायमाची अम्मी एकेक पान उलटत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पानं उलटता उलटता त्या एका ठिकाणी थांबल्या आणि त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं.

"ये सात मेरी सायमा का है."

मी वाकून पाहिलं. सातच्या मधोमध आडवी रेघ होती. "बचपन से ऐसा ही लिखती थी. उस्ताद ने कितना डांटा, नहीं छोड़ा," अम्मी सांगत होत्या. मी आधीची पानं पाहिली. माझे सगळे सात बिनरेघेचे. उजव्या आणि पुरवणीच्या त्या दोन पानांवर मात्र एकूण एक सातला रेघ. आम्ही दोघी रोज एका वहीत लिहीत होतो, तरी ही रेघ मला कधी दिसलीच नव्हती. तिचे आकडे मी फक्त उचलत होते ना... अम्मींनी विचारलं नाही, की हे कसं. त्यांनी ती दोन पानं अलगद वेगळी केली, ओढणीने पुसली आणि म्हणाल्या, "इतना इधर रहने दे बेटी. बाकी तेरा है." मी नाही म्हणूच शकले नाही.

परतीच्या बसमध्ये मी तिकिटाच्या मागे सात लिहिला. साधा आला. पुन्हा लिहिला. तिकीट भरलं तेव्हा डायरी काढली आणि पान भरून सात लिहिले, घाईत, हळू, डोळे मिटून, पुटपुटत. "तारीख पहले," असंही म्हणून पाहिलं. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून जरा सरकल्या. मला त्या दोन पानांची भीती राहिली नव्हती, उलट ती भीती परत हवी होती. तिचं जे काही माझ्यात उरलं होतं ते मी एका पेपरात, एका नोकरीसाठी खर्चून बसले होते. पारोळा आलं, कंडक्टरने दोनदा हाक मारली तरी मी लिहीत होते. एकाही सातला रेघ आली नाही, आणि सायमा गेल्यापासून पहिल्यांदा मी रडले.