उलट्या बाजूचं पायडल

माझ्या हाताला यश नाही, हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. मी मिक्सर दुरुस्त केला तेव्हा चटणी शेजारणीकडे वाटून आणावी लागली, आणि नळाचा वायसर बदलला तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका छत्री घेऊन वर आले. तरीही बाबा गेल्यावर काही महिन्यांनी आई जेवताना म्हणाली, "वर्षश्राद्धाला त्यांचं टेबल एकदा वाजलेलं ऐकायचंय रे," तेव्हा तोंडातला घास गिळायच्या आत मी "मी करतो" म्हणून मोकळा झालो. बायकोने नळाकडे पाहिलं.

टेबल म्हणजे बाबांची पेडल स्टील गिटार. चार पायांवर उभी असलेली, दहा तारांची आडवी पेटी. स्टुलावर बसून डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तार छेडायची, आणि खालचं पायडल दाबलं की वाजती तार ताणली जाऊन सूर चढतो. कंपनीतल्या अपघातानंतर बाबा डाव्या पायाने लंगडायचे, घरी बसून होते, त्या दिवसांत त्यांनी ती सांताक्रूझच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या माणसाकडून जुनी विकत घेतली. शेवटची बरीच वर्षं ती आमच्या मुलुंडच्या घरी गॅलरीत चादरीखाली होती. पाहुणे तिला इस्त्रीचं टेबल समजत. उन्हाळ्यात तिच्यावर सांडगे वाळत.

आधी ओळख पटवायची म्हणून मी कामाला लागलो. नावाची पट्टी कधीच गळून पडली होती, उरली होती स्क्रूची दोन भोकं. त्या दोन भोकांवरून मी आठवड्याभरात कंपनी, देश आणि साल ठरवलं. पुढच्या आठवड्यात देश बदलला. ऑफिसात चहाच्या वेळी मी विषय काढला की लोक कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊ लागले. शेवटी परदेशी शौकिनांच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. तिथल्या एका गृहस्थाने कळवलं, पेटी एका कंपनीची, पाय दुसरीचे, बाकी गावठी जोडकाम. म्हणजे भेळ.

पण त्याचा खरा राग एका पायडलवर होता. डावीकडची दोन पायडलं गंजून जाम झाली होती. तिसरं मात्र कुणीतरी लांब सळई जोडून उजव्या कोपऱ्यात, पलीकडच्या बाजूला लावलं होतं, वाजवणाऱ्याकडे पाठ करून. हे कुणा अडाण्याचं काम आहे, काढून टाका, तिन्ही पायडलं डाव्या पायाखाली ओळीत हवीत, असं त्याने लिहिलं. अडाणी म्हणजे माझे बाबा. पण सांगणारा परदेशातला, त्यामुळे ते ब्रह्मवाक्य. ते एकच पायडल घासून घासून गुळगुळीत झालं होतं, हे मी पाहिलं. का, हा प्रश्न मला पडला नाही. अक्कल गहाण टाकली की सगळं फार सोपं जातं.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक मालवणी लेथवाला आहे. त्याने जाम झालेलं सगळं सोडवलं, तिसरं पायडल माझ्या हुकमाप्रमाणे नवं करून डावीकडे बसवलं आणि जुनं कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवलं.

"ह्या उलट्या बाजूक कित्याक लावलेला? घरात कोणाक ईचारलास काय?"

"घरात कोणाला कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

परतताना ते पायडल मी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

वर्षश्राद्धाला दोन आठवडे होते. नव्या तारा चढवून मी टेबल हॉलमध्ये मांडलं आणि आईला हाक मारली. ती मेथीची जुडी घेऊनच आली. माझ्या समोर, टेबलाच्या पलीकडे तिने खुर्ची ओढली, वर्तमानपत्र मांडीवर पसरलं आणि सवयीने पाय पुढे टाकला. पाय फरशीवर पडला. तिने तो उचलून जरा बाजूला टाकला. पुन्हा फरशी.

"माझं पायडल कुठंय?"

"तुझं?"

"मग कुणाचं? त्यांचा पाय चालायचा का? त्यांनी मान हलवली की मी दाबायचे, परत हलवली की सोडायचे."

ज्या पायाने बाबांना रिक्षात धड चढता येत नसे, त्या पायाने ते पायडल दाबत असतील असं मी खुशाल धरून चाललो होतो. लहानपणी रोज संध्याकाळी बाबा वाजवत आणि आई समोर बसून मेथी निवडत असे. मला वाटायचं, हॉलमध्ये उजेड बरा असतो म्हणून. साडीखाली तिचा पाय काय करतो, हे इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही.

भंगारवाल्याचं मी सांगून टाकलं. आई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती मेथी उचलून आत गेली आणि रात्री जेवली नाही. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

सकाळी ती साडी बदलून दारात उभी होती. "रिक्षा बोलव. माप मी देते."

मरोळला तिने चप्पल काढून पुठ्ठ्यावर पाय ठेवला. लेथवाल्याने खाली बसून पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ ओढली. मग माझ्याकडे वर बघून म्हणाला, "मी तेव्हाच ईचारललंय."

वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी पाहुणे गेल्यावर आम्ही बसलो. बाबांच्या आवडत्या भावगीताची पहिली ओळ मी व्हिडिओ बघून कशीबशी बसवली होती. कांडी टेकवून तार छेडली तर मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. बायको स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या खेपेला सूर जरा बरा लागला, पण चढेचना. आईच्या बाजूला नवं पायडल मीच बसवलं होतं, ते अडकलं असणार, म्हणून मी वाकून बघायला लागलो.

"खाली काय बघतोस?" आई मेथी निवडत म्हणाली. "मान हलव. त्याशिवाय मी दाबत नाही."

मी पुन्हा तार छेडली आणि मान हलवली. सूर चढला. आता परत मान हलवली की आई पाय उचलणार होती. सूर विरत आला, तरी मी मान हलवली नाही.