निवडणारणीची पोर

“आधी पदर झटक, मग जा,” मालक म्हणाला.

लातूरची डाळ मिल, भर दुपार. मी तिथली मजूर नव्हते. कोणतं यंत्र कधी येणार, कुणाचं काम खाणार, हे मालकलोकांना आधी सांगणं ही माझी नोकरी. त्यानंच बोलावलं म्हणून पुण्याहून आले होते. डाळीतला काळा दाणा कॅमेऱ्यानं टिपणारं यंत्र दिवाळीपर्यंत बसवता येईल, मग निवडणाऱ्या बाया लागणार नाहीत, असं त्याला नीट समजावलं होतं, लिहूनही दिलं होतं. गडी खूश झाला. “बायांना कळू द्यायचं न्हाई. यंत्र बसलं की गेटवरूनच वापस लावू,” म्हणाला. मी मान डोलावली.

गेटपर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं गाव विचारलं. गाव मुखेड, पण आई पोटासाठी लातुरात आलेली, म्हणाले. आईचं नावही अभिमानानं सांगितलं. तिथंच चुकले. आईनं उभा जन्म याच अंगणात डाळ निवडली होती. डाळ चोरली नाही हे दाखवायला संध्याकाळी प्रत्येक बाईनं गेटवर पदर झटकायचा, हा इथला रिवाज.

“म्हंजे आपल्या निवडणारणीची पोर व्हय तू! लई मोठी झालीस की. पर रिवाज त्यो रिवाज.”

गेटवरचा मुकादम फिदीफिदी हसला. आणि माझे हात उठले. नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात केलेलं इंजिनिअरिंग, देशोदेशीची भाषणं, सगळं गेलं चुलीत. मी पदर धरला. त्या हातांची मला आजही किळस येते.

“न्हाई झटकायचा, पोरी,” अंगणात डाळ निवडत बसलेल्या, आईच्या जोडीदारीण शेवंतामावशी उठून ओरडल्या. “तुझ्या मायनं झटकला तेवढा बास हाय.”

मुकादमानं म्हातारीच्या कानाखाली वाजवली. मी शेजारचं सूप उचललं आणि त्याच्या थोबाडावर हाणलं. ओठ फाटला. मालकानं माझे केस धरले, मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याचं रक्त थुंकून ओरडले, “बायांनो, दिवाळीला यंत्र येतंय. तुम्हाला हाकलणार हायेत. मीच लिहून दिलंय!”

शेवंतामावशी गाल धरून माझ्यापुढे आल्या.

“आन् आमाला शेवटाला सांगतीस व्हय?”

मालकाच्या हिसक्यानं दुखलं नाही, तेवढं त्या बोलण्यानं दुखलं.

नोकरी गेली. माझ्यावर मारहाणीची केस चालू आहे. माफीपत्र दे, मिटवून टाकू, असं मालक म्हणतो. देणार नाही. कोणत्या मिलमध्ये कोणतं यंत्र येतंय, ते आता मी आधी निवडणाऱ्या बायांना सांगते, त्यांच्यात बसून. मालकांना मागाहून कळेल, तोवर बाया तयारीला लागलेल्या असतील.