मर्लेन आगांच्या वायरी

मर्लेन आगा, म्हणजे आमचे थोरले दादा, एका जागी बसलेत असं मी कधी पाहिलं नाही. खाणीत वायरमन होते तेव्हाही म्हणे डबा उभ्यानेच खायचे. खाणीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे उरली गिटार, आणि कारागांडी शहरातल्या लग्नांत वाजवणारा आमचा बँड. मी गाते, की-बोर्ड वाजवते, ड्रमवर रुस्तेम.

त्या हिवाळ्यात आगांना अ‍ॅम्प्लिफायरमधून घूं असा आवाज येऊ लागला. आम्हाला काही ऐकू यायचं नाही. पण आगांचे कान म्हणजे आमच्यात शेवटचा शब्द, त्यामुळे ते म्हणतात तर असेल, असं आम्ही धरून चाललो.

आधी त्यांनी गिटारचं, पायाने दाबायचं पेडल बदललं. मग दुसरं. मग म्हणाले, रुस्तेमच्या ड्रमवरचे दिवे अ‍ॅम्प्लिफायरच्याच सॉकेटवर असतात म्हणून होतंय.

"माझे दिवे कसले आगा, एक बल्ब आहे," रुस्तेम म्हणाला.

"तोच काढ."

रुस्तेमने काढला आणि अख्खं लग्न अंधारात वाजवलं. पुढच्या लग्नात आगा हॉलच्या स्वयंपाकघरात शिरले आणि फ्रीझरचा प्लग उपटून आले. परत लावायचं विसरले. नवरानवरी नाचत असताना आचारीण हातातल्या झाऱ्यासकट स्टेजवर आली. "ही घोड्याच्या मांसाची कझी पाघळली, ती आता तुझ्या गिटारीला खायला घालू का?" पाहुणे हसले. आगा हसले नाहीत. ते वाकून पेडलला कान लावून होते.

परतताना गाडीत आम्ही दोघंच असताना रुस्तेम म्हणाला, "मी चाललो दुसऱ्या बँडमध्ये. म्हाताऱ्याला वेड लागलंय." मी त्याला थांब म्हटलं. तो पुढच्या सरावाला आला नाही.

मी एकटीच आगांच्या घरी गेले. दुपार होती. बैठकीच्या गालिच्यावर आगा पालथे पडले होते आणि भोवती सगळ्या वायरी. त्यांनी त्या नव्याने मांडायला घेतल्या होत्या. करंटच्या एका बाजूला, आवाजाच्या दुसऱ्या बाजूला.

"या दोघी शेजारी शेजारी झोपल्या की कटकट," ते म्हणाले. "ओलांडायचीच झाली तर आडवी ओलांडायची. लांब वायर गुंडाळून ठेवायची नाही, कापून आखूड करायची." लाकडी फळीवर पेडलं बसवली होती, प्रत्येक वायर पट्टीने बांधली होती, पिनेपिनेवर रंगीत चिकटपट्टी. इतकं नीटनेटकं काम मी कुठे पाहिलं नव्हतं.

आगांच्या पत्नी कुल्याश जेंगे, म्हणजे आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. "शोल्पान, तू तरी सांग त्यांना. चार घास खात नाहीत, रात्रभर उठबस. मी विचारलं तर मलाच म्हणतात हळू बोल."

आगांनी स्विच टाकला, तारा छेडल्या आणि हाताने दाबून बंद केल्या. मान वाकडी करून ऐकत राहिले. "अजून आहे," ते म्हणाले.

त्यांनी एक वायर सोडवली, परत जोडली. तेवढ्यात फ्रिज खटकन थांबला. पेडलवरचा लाल ठिपका विझला.

"ऐक," आगा म्हणाले. "आता किती स्पष्ट आलं बघ. घूं."

मी जेंगेंकडे पाहिलं. जेंगे चहाची किटली हातात धरून तशाच उभ्या.

"मर्लेन," त्या हळूच म्हणाल्या, "वीज गेलीय."

आगांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या काळ्या जाळीकडे पाहिलं. मग भिंतीतून प्लग काढला आणि हातात धरला. एका कानावर तळवा दाबला, मग दुसऱ्या. डाव्यावर बराच वेळ दाबून ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुला नाही येत?"

"नाही आगा."

ते उठून खिडकीपाशी गेले, तिथून दाराशी, परत खिडकीशी. जेंगे त्यांच्यामागे गेल्या नाहीत. वीज आली तरी त्यांनी प्लग लावला नाही.

दवाखान्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डाव्या कानाने आयुष्यभर जास्त आवाज खाल्लाय. हा आवाज कानातलाच आहे; तो जाणार नाही, वाढू नये एवढं पाहा. बोळे घालून वाजवा. आगांनी विचारलं, झोपायचं कसं? त्या म्हणाल्या, उशाशी रेडिओ लावा, बारीक.

पुढच्या सरावाला रुस्तेमला मीच फोन करून बोलावलं. तो दारातच उभा राहिला. आगा म्हणाले, "तुझ्या दिव्याचा काही दोष नव्हता रे."

रुस्तेमने बूट काढले. मग म्हणाला, "पण झांज माझीच होती ना, आगा. तुमच्या डाव्या कानाशी."

"ती मीच तिथे ठेवायला लावली होती. ताल नीट पकडता येतो म्हणून."

आता ड्रम स्टेजच्या पलीकडच्या टोकाला असतात. कानात बोळे घातल्यावर आगांना माझा आवाज दुरून येतो, त्यामुळे ते माझ्या ओठांकडे बघत वाजवतात. मध्येच त्यांची नजर सुटते आणि मला कळतं, कानातला आवाज पुन्हा मोठा झालाय. अशा वेळी त्यांना गाणं पुन्हा पकडता यावं म्हणून मी कडवं परत घेते. पाहुण्यांना वाटतं, गाणं तसंच आहे.