वजनाचा एकच डबा

माझ्या मावसभावाला मेमरी वाचवायचा नाद होता. नाद कसला, खूळच ते! नव्वदीच्या सुरुवातीला जळगावात आम्ही दोघांनी एका खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि मामाच्या गावच्या केळी व्यापाऱ्याच्या भुईकाट्यासाठी प्रोग्राम लिहायला बसलो. भुईकाटा म्हणजे जिथे अख्खी ट्रॉली केळीसकट तोलतात तो.

काट्यावरून वजन वाचायचं काम माझं. ते मी सी भाषेत लिहिलं. पण घडाच्या दांड्यापोटी किती वजन सोडायचं, हा नियम व्यापारी हंगामाप्रमाणे बदलायचा. दरवेळी आम्हाला जळगावहून बोलावणार का? म्हणून मावसभावाने माझ्या प्रोग्रामच्या पोटातच एक छोटा इंटरप्रिटर बसवला. त्याला बेसिकसारख्या सोप्या भाषेत दोन ओळी लिहून दिल्या की तो तसा हिशेब करी. काम छान होतं, नाही म्हणत नाही.

भांडण होतं ‘वजन’ या व्हेरिएबलवरून, म्हणजे मेमरीतल्या ज्या डब्यात तो आकडा ठेवायचा त्यावरून. ते दोन्ही भाषांना लागणार. मी म्हणत होतो, “तुझ्या नियमाला माझ्या आकड्याची नक्कल दे. मूळ आकड्याला हात लावू देऊ नको.” तर हा म्हणे, “कशाला? तुझा डबा तोच माझा डबा. उगाच मेमरी का वाया घालवतोस?” अरे बाबा, एका ताटात दोघं जेवताना दुसऱ्याने किती खाल्लं ते दिसतं तरी, इथे तेही नाही! घसा कोरडा केला, पण ऐकेल तर शपथ. शेवटी त्याने त्याचंच खरं केलं.

मामा आम्हा दोघांचाही सख्खा. गावाला कॉम्प्युटरचा काटा नकोच होता. मामानेच पारावर बसून सगळ्यांना सांगितलं होतं, “मन्हा भाचास्नं काम शे. एक किलो बी इकडनं तिकडे व्हवाव नही.” त्याच्या शब्दावर लोक ट्रॉल्या घेऊन आले. पहिली त्याचीच.

रिकामी ट्रॉली आधीच तोलून ठेवलेली. भरली ट्रॉली चढली आणि दांड्याचं सोडून पडद्यावर सदतीस क्विंटल आलं. बरोबर होतं. पण आमच्याकडे वजन एकट्याने पाहून भागत नाही. मालकाने पाहिलं की त्याचा भाऊ बघणार, मग ट्रॅक्टरवाला, मग नुसता तंबाखू मळत उभा असलेला एखादा आबा म्हणणार, “आखो दखाड रे भो.” व्यापाऱ्याचा मुनीम पुन्हा दाखवायला बटण दाबी, नियम पुन्हा चाले आणि दांड्याचं वजन पुन्हा त्याच डब्यातून जाई. सदतीसचे चौतीस झाले. चौतीसचे एकतीस. ट्रॉली जागची हललेली नाही आणि केळी आपली आटतायत!

“हाई मशीन केया खास!” मशीनच केळी खातंय, असं कोणीतरी ओरडलं. लोक हसले, मग हसायचे थांबले. व्यापारी लबाड आणि मामा त्याला सामील, इथपर्यंत बोलणं गेलं. मामा टोपी हातात घेऊन उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मावसभावाला मी तिथेच झापलं. त्याने मान खाली घालून नक्कल घेणारी एक ओळ लिहिली. आठ बाइट लागले. आठ! एवढ्यासाठी हा माणूस महिनाभर माझ्याशी भांडला होता. आता बटण कितीही दाबा, सदतीसच. मी मामाला ओढत पडद्यापाशी नेलं.

“मामा, बघा ना, आता बदलत नाही.”

“माले दिखस रे भाचा,” तो म्हणाला. “पन आते मी कोनले काय सांगू?”

पुढच्या तोडणीला गावाच्या सगळ्या ट्रॉल्या दुसऱ्या काट्यावर गेल्या. आमच्याकडे एकच आली, मामाची. मुनीमाने पडदा त्याच्याकडे फिरवला, पण त्याने आकडा पाहिलाच नाही. परतताना मात्र त्याने ट्रॅक्टर पाराकडून नेला नाही, शेताच्या वाटेला घातला.